साग बुडत नाही, असं मी लिहून दिलं होतं

लाकडाच्या वखारीत तीस वर्षं काढली की माणसाचं नाक तयार होतं. माझे डोळे बांधा आणि समोर साग, ऐन, शिसव, हेद यांचे तुकडे ठेवा, मी वासावरून नावं सांगतो. घरी मात्र आमटीला हिंग पडला आहे की नाही हे मला कळत नाही, असं आमच्या मंडळींचं म्हणणं आहे. दोन्ही खरं आहे.

ही वखार कल्याणच्या खाडीकाठी होती. मालकांना सगळे भाऊशेठ म्हणत. शहापूर-मुरबाडकडच्या आणि आंबिवलीपलीकडच्या रानांतून बैलगाड्यांवर ओंडके येत, वखारीत वर्षभर पडून वाळत आणि मग गिऱ्हाइकाकडे जात. मी तिथे मोजणी कारकून होतो. मोजणीचं काम बाहेरून दिसतं तितकं अवघड नाही. ओंडक्याच्या मधोमध फीत गुंडाळून घेर घ्यायचा, घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याला त्यानंच गुणायचं आणि पुन्हा लांबीनं गुणायचं. चार फूट घेराचा, पंधरा फूट लांबीचा ओंडका म्हणजे पंधरा घनफूट. मग हातोडीनं त्याच्या टोकावर वखारीचा शिक्का आणि नंबर ठोकायचा. दिवसभर माझ्या तोंडी घनफुटाशिवाय शब्द नसे, म्हणून वखारीतल्या लोकांनी माझं आडनावच घनफुटे करून टाकलं. पुढे पुढे पोस्टमनसुद्धा त्या नावाची पत्रं बिनचूक आणून देऊ लागला.

इमारती लाकूड आम्ही मापानं विकायचो आणि जळाऊ लाकूड वजनानं. एवढ्या एका फरकावरून माझ्या टेबलासमोर किती वाद झाले असतील, त्याला गणती नाही. पारनाक्यावरचे एक पेन्शनर झोपाळ्याची फळी घ्यायला आले. सावरीची फळी पाहिली, मग शिसवीची पाहिली. दोन्ही एकाच मापाच्या. ते म्हणाले, "अहो, लांबी तीच, रुंदी तीच, जाडी तीच. मग एक माझा नातू उचलतो आणि दुसरीला दोन हमाल का लागतात?" मी त्यांना सांगितलं की जागा दोन्ही तेवढीच अडवतात, पण शिसवीच्या अंगात त्याच जागेत जास्त ऐवज ठासून भरलेला असतो. पुस्तकात याला घनता म्हणतात. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या थोरल्या आणि धाकट्या जावयासारखं." कोणता जावई शिसवीचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

जळाऊ लाकडाच्या बाजूला एक काकू येत. त्या प्रत्येक ढलपी हातात घेऊन दुसरीवर आपटत. टणत्कार आला तर घेत, धप्प आवाज आला तर बाजूला फेकत. मी एकदा म्हटलं, "काकू, लाकूड तेच आहे हो." त्यावर त्या म्हणाल्या, "लाकूड तेच आहे, पण यात पाणी आहे. पाणी आमच्या विहिरीत पुष्कळ आहे, ते मी तुमच्याकडून तोलून कशाला नेऊ?" मी हसलो. वखारीतल्या शिकल्यासवरल्या माणसानं हसावं तसा हसलो. त्या बाईंचं बोलणं तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढची गोष्ट घडली नसती, आणि मला आज लिहायलाही काही उरलं नसतं.

ठाण्याला जाणारा माल आम्ही पाण्यानं धाडत असू. ओंडके एकमेकांना बांधून त्यांचा तराफा करायचा, ओहोटी लागली की सोडायचा, भरती आली की काठाला लावून थांबायचं. दोन-तीन ओहोट्यांत ठाणं गाठता येई. हे काम पास्कू करायचा. ठाण्याच्या खाडीकाठचा ख्रिस्ती कोळी, वय चाळिशीच्या आसपास, अंगानं काटक, बोलणं मोजकं. त्याचे तराफे माझ्या आधीपासून चालू होते आणि एकही ओंडका कधी कमी पोचला नव्हता.

त्या वर्षी ठाण्यात एका मोठ्या इमारतीचं छप्पर चढायचं होतं आणि पावसाळ्याच्या आत ते व्हायला हवं होतं. वखारीत वाळलेला साग पुरेसा नव्हता. भाऊशेठांनी आंबिवलीपलीकडच्या रानातून ताजा तोडलेला माल मागवला. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत ही झाडं उभी होती. मी चाळीस ओंडके मोजले, नंबर ठोकले. बुंध्याकडचे जाड आणि शेंड्याकडचे बारीक असे मिसळून होते.

पास्कू आला, एका जाड ओंडक्यापाशी उकिडवा बसला, टोकावर तळहात ठेवून तो मला दाखवला. हात ओला झाला होता.

"भाऊसाहेब, ही लाकरां अजून जिती हान," तो म्हणाला. कारकुनाला, म्हणजे मला, तो भाऊसाहेब म्हणायचा. "सुक्या बांबूच्या मोळ्या द्या मना, बाजूनी बांधतो. नायतर खाली जातील."

"पास्कू, अरे, साग आहे हा. दगड नव्हे."

"साग हाय म्हनून तर सांगतो. ऐन असता तर इचारला नसता, बांबू आधीच बांधलं असतं."

ऐन बुडतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. पण सागाबद्दल माझ्याकडे पुस्तक होतं. ठाण्याला शाळेत असताना बक्षीस मिळालेलं ते जाड पुस्तक मी टेबलावरून उचललं, मागचं कोष्टक काढलं आणि पास्कूला दाखवलं. घनफूटभर पाण्याचं वजन साडेबासष्ट रत्तल आणि घनफूटभर सागाचं पंचेचाळीसच्या आत. जो जिन्नस आपल्याएवढ्या पाण्याहून हलका, तो तरंगणार. मी हे त्याला दोन वेळा समजावलं. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी तो कोष्टकाकडे आदरानं बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबर असंल. पन ह्या लाकरांनी तुमचा पुस्तक वाचलाय का?"

बाजूचे हमाल हसले. मला ते लागलं. भाऊशेठांनी विचारलं, "घनफुटे, बांबू हवेत का?" मी म्हटलं, "काही गरज नाही." तराफा बांबूंशिवाय सुटला.

तिसऱ्या दिवशी ठाण्याहून निरोप आला की एकतीसच ओंडके पोचले आहेत. नऊ कमी.

पास्कूनं तिथे जे सांगितलं ते असं. डोंबिवलीच्या पुढे, जिथे खाडी वळण घेते, तिथे तराफ्याची एक बाजू पाण्याखाली जाऊ लागली. जाड ओंडके खाली ओढत होते आणि बारीक त्यांच्याबरोबर चालले होते. सगळाच तराफा जाईल असं दिसल्यावर त्यानं कोयत्यानं दोर तोडले आणि नऊ ओंडके सोडले. ते दगडासारखे खाली गेले.

भाऊशेठ मनाचे वाईट नव्हते, पण घाईत होते, आणि घाईतल्या माणसाला चोर पटकन दिसतो. नऊच्या नऊ ओंडके जाड होते. खाडीकाठी होड्या बांधणारे सुतार पुष्कळ, जाड साग त्यांना हवाच असतो. भाऊशेठांनी फौजदारांना बोलावलं आणि मला म्हणाले, "घनफुटे, तुम्ही माहीतगार. साग बुडतो की नाही, तेवढं एका कागदावर लिहून द्या."

मी लिहिलं, "साग हा पाण्याहून हलका असल्यामुळे पाण्यात बुडत नाही." खाली सही केली. फौजदारांनी कागद वाचला आणि माझ्या अक्षराची तारीफ केली. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच संध्याकाळी पास्कूला कच्च्या कैदेत टाकलं.

सहाव्या दिवशी सकाळी पास्कूची बायको वखारीत आली. आंजेलीन तिचं नाव. ठाण्याहून चालत आली होती. पदर नीट खोचलेला, पायावर धूळ. रडेल, पाया पडेल असं वाटून मी उगाचच कागद चाळू लागलो. ती रडली नाही.

"साग बुरत नाय असा तुमीच लिवलाव ना?"

"हो."

"तुमी एक तुकरा पान्यात टाकून बगितलाव?"

मी पुस्तकाकडे हात नेला. तिनं मान हलवली. "पुस्तकातला नाय. त्या झारांतला."

त्या झाडांचे तुकडे माझ्या टेबलापासून दहा पावलांवर पडले होते. ओंडके सरळ करताना आरेवाल्यांनी टोकं कापली होती, त्यांचा ढीग. आणि त्याच्या शेजारी बैलांना पाणी पाजायचा दगडी हौद. सहा दिवस मी त्या दोन्हींच्या मधून जात-येत होतो.

मी उठलो, बुंध्याकडचा एक तुकडा निवडला आणि हौदात सोडला. तो खाली गेला, तळाला टेकला आणि तिथेच राहिला. वर चार बुडबुडे आले. आंजेलीन माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती. मी शेंड्याकडचा तुकडा टाकला. तो तरंगला, पण जेमतेम, पाठ तेवढी वर ठेवून, पोटभर जेवलेल्या म्हशीसारखा.

मग मात्र मी शिकलेल्या माणसासारखा वागलो, उशिरा का होईना. आरेवाल्यांकडून बुंध्याचा एक तुकडा सर्व बाजूंनी बरोबर सहा इंच कापून घेतला. एवढ्या मापात पावणेआठ रत्तलांच्या किंचित वर पाणी मावतं. तुकडा काट्यावर घातला तर सव्वाआठ भरला. जुन्या, वर्षभर वाळलेल्या सागाचा तसाच तुकडा कापवला, तो साडेपाच भरला. झाड तेच, माप तेच. फरक होता तो ताज्या लाकडाच्या रंध्रारंध्रात भरलेल्या पाण्याचा. जळाऊवाल्या काकूंना जे ढलपी आपटून कळत होतं, ते मला काट्यावर घातल्यावर कळलं. पुस्तक पुन्हा उघडलं. कोष्टकाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, एक ओळ होती की ही वजनं पूर्ण वाळलेल्या लाकडाची आहेत. बारा वर्षं ते पुस्तक माझ्याकडे होतं.

मी भाऊशेठांना हौदापाशी आणलं. त्यांनी तुकडा बुडताना पाहिला, हाताने वर काढला, पुन्हा टाकला. मग म्हणाले, "बुडतो हे ठीक. पण बुडू शकतो म्हणजे बुडालाच असं नाही. जाड तेवढेच बुडाले म्हणता, तर चोर तरी बारीक कशाला नेईल?"

त्यांचं चूक नव्हतं. फौजदारांनीही तेच म्हटलं असतं. एकच उपाय होता, ओंडके दाखवणं.

आंजेलीनला जागा ठाऊक होती. भेटायला गेली तेव्हा पास्कूनं तिला खुणा सांगितल्या होत्या. डोंबिवलीच्या काठचा जुना वड आणि पलीकडच्या पारसिकच्या डोंगरातली खाच, ही दोन्ही जिथे एका रेषेत येतात तिथे दोर तोडले. कोळी लोक जाळ्यांच्या जागा अशाच लक्षात ठेवतात. अमावास्या दोन दिवसांवर होती. तेव्हाच्या ओहोटीला खाडी सगळ्यात जास्त आटते.

अमावास्येच्या सकाळी मी, आंजेलीन आणि तिचा भाऊ त्याच्या होडीतून निघालो. ठाकुर्ली मागे पडली, डोंबिवलीची भातखाचरं डाव्या हाताला लागली, वळण आलं. वड आणि खाच एका रेषेत आल्यावर तिच्या भावानं होडी थांबवली आणि लांब बांबू पाण्यात घालून तळ चाचपायला सुरुवात केली. मऊ चिखल, मऊ चिखल, पुन्हा मऊ चिखल. तासभर तेच चाललं होतं. पाणी उतरत गेलं. मला होडीत नुसतं बसवेना म्हणून मी धोतर खोचून उतरलो आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलो. आंजेलीनचा भाऊ म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी किती घनफूट गेलाव?" एक वहाण तिथेच राहिली, अजूनही असेल.

मग बांबू टक्कन वाजला.

कमरेएवढ्या पाण्यात काहीतरी गोल, लांब, निसरडं पडलं होतं. पण खाडीत जुनी लाकडं, मोडकी जहाजं, काय काय असतं. मी श्वास रोखून खाली वाकलो, पाणी हनुवटीला लागलं आणि ओंडक्याचं टोक चाचपलं. चिखल पुसला. बोटाला खोलगट रेघा लागल्या. वखारीचा शिक्का, आणि त्याच्या खाली एक आणि सात. सतरा. माझ्या हातोडीचा सात खालून जरा वाकडा यायचा, तोसुद्धा तसाच वाकडा लागला.

"सतरा," मी म्हटलं. आंजेलीननं होडीच्या काठावर दोन्ही हात ठेवले आणि कितीतरी वेळ ती खाली बघत राहिली.

भाऊशेठ आणि फौजदार दुसऱ्या दिवशी स्वतः आले. त्या दिवसापर्यंत तीन ओंडके सापडले होते, पुढच्या तीन ओहोट्यांत आणखी चार. एकूण सात. दोन खाडीनं ठेवून घेतले. ओंडके वर काढायची तऱ्हाही तिथेच पाहिली. ओहोटीला ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना दोन होड्या उभ्या करायच्या, मधे आडवे वासे टाकायचे आणि ओंडका वाशांना घट्ट बांधायचा. भरती आली की होड्या वर, होड्यांबरोबर ओंडका वर. चिखलातून सुटेपर्यंतच काय ती ताकद लागते. एकदा सुटला की जमिनीवर ज्याला सहा माणसं लागत, तो पाण्यात दोघांनी हलवला. कारण पाणी आपल्या वाटचं वजन उचलून धरतं, आपल्या हाताला राहतं ते पाण्याहून जेवढं जास्त असेल तेवढंच. हे मी भाऊशेठांना समजावून सांगू लागलो. ते म्हणाले, "घनफुटे, आज राहू द्या."

पास्कू अकराव्या दिवशी सुटला. त्यानंतर तो आमच्या वखारीत आला नाही. भाऊशेठांनी दोनदा निरोप धाडला. त्यानं सांगितलं, मासे बरे, ते लिहून देत नाहीत.

मला झोप लागेना. शेवटी एका शनिवारी मी ठाण्याला त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर जाळं विणत होता. त्यानं मला बसायला पाट दिला. मी सगळं सांगितलं. ओला साग, वाळलेला साग, सव्वाआठ, साडेपाच, बुंधा आणि शेंडा, कोष्टकाखालची ओळ. त्यानं एक गाठ मारली, दुसरी मारली, आणि म्हणाला, "म्हंजे मी बोललो व्हतो, तोच."

"तोच," मी म्हटलं. "मी माफी मागायला आलोय, पास्कू."

"हितं कोन हाय?" त्यानं विचारलं. "मी आनी तुमी. मना चोर बोलले ते सगल्यांच्या म्होरं." मग जाळं खाली ठेवून म्हणाला, "तो कागूद तुमी लिवलाव. आता दुसरा लिवा. उंद्या आयतवार हाय. मिस्सा झाल्यावर देवलाच्या पायरीवर वाचा."

ख्रिस्ती लोक आपल्या चर्चला तिकडे देऊळच म्हणतात. रात्री ठाण्यातल्या मावसभावाकडे मुक्काम केला, चार वेळा मसुदा केला आणि सकाळी पायरीवर जाऊन उभा राहिलो. मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची प्रार्थना, सुटली. बायकांच्या लाल-हिरव्या लुगड्यांची गर्दी बाहेर आली आणि मला बघून थबकली. पाद्रीही दारात उभे राहिले. आयुष्यात एवढ्या लोकांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

मी वाचलं, "ताजा तोडलेला साग पाण्याहून जड असू शकतो व तो पाण्यात बुडतो. याआधी मी याच्या उलट लिहून दिलं, ती माझी चूक होती."

मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "ह्यो आमाला शिकवाय आलाय काय?" दोघेतिघे हसले. मी कागद घडी करू लागलो.

"थांबा," आंजेलीन म्हणाली. ती पुढे आली. "लाकरांचा झाला. मानसाचा लिवलाव कुठं?"

खरोखरच नव्हतं लिहिलं. चार मसुद्यांत घनफूट होता, रत्तल होता, पास्कू कुठेच नव्हता. पाद्रींनी आतून दौत आणि टाक आणून दिला. मी पायरीवर बसलो, कागद गुडघ्यावर ठेवला आणि खाली लिहिलं. मग उभा राहून वाचलं, "पास्कूनं चोरी केलेली नाही. तो खरं बोलत होता."

"मोठ्यानं," पास्कू म्हणाला. त्यानं बाजूला उभ्या असलेल्या एका वाकलेल्या म्हातारीचा दंड धरला होता. "माजे आईला ऐकू येत नाय."

मी मोठ्यानं वाचलं. म्हातारीनं कानामागे हात धरला. मी दोन पायऱ्या उतरलो, तिच्यासमोर उभा राहिलो आणि तिसऱ्यांदा, बाजारात ओरडावं तसं, ओरडून वाचलं.

म्हातारीनं मान डोलावली. मग माझ्याकडे न बघता पायरीवर जमलेल्या सगळ्यांकडे एकदा हात फिरवून दाखवला आणि म्हणाली, "मना ठावं व्हता. ऐकू ह्यांना येत नवता."